गोळी घेऊन केलेला उपास

साखरेची गोळी घेऊन वर कडक उपास करणारी नर्स तुम्ही पाहिली नसेल. मी पाहिली आहे. एका वर्षी चांगले तीन आठवडे, रोज सकाळी टोपीला पिना लावताना, ती मला आरशात दिसायची. पंचेचाळिशीची, कडक इस्त्रीची, छातीवर उलटं घड्याळ टांगलेली. चेहऱ्यावर असा भाव, की देवाने सहा दिवसांत जग केलं ते ठीकच आहे, पण हिला विचारलं असतं तर पाचात उरकलं असतं.

ज्यांना अजून मधुमेह झालेला नाही त्यांच्यासाठी सांगते. ही गोळी पोटात गेली की रक्तातली साखर खाली ओढायला लागते. तुम्ही जेवलात का, याची ती चौकशी करत नाही. म्हणून गोळीमागून अर्ध्या तासात खायचं, हा नियम. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरींना तो मीच शिकवत असे. आणि उपास धरल्यावर जेवण सोडायचं पण गोळी चुकवायची नाही, कारण औषधात हयगय नको, हेही मीच ठरवलं. मूर्खपणासुद्धा मी वेळापत्रकाप्रमाणे केला.

नाताळ अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर विषय दिला: ख्रिस्ती माणसाने शरीर कसं सांभाळावं आणि वेळ कसा वापरावा, यावर तुमच्या नोकरीतलं काहीतरी लिहा, वाचकांना हुरूप येईल असं. हुरुपाचं मला ठाऊक नाही. या दोन गोष्टी एका वाक्यात आल्या की मला अजून घाम फुटतो. नात म्हणाली, आजी, सकाळी फिरायला जाण्यावर लिही ना. फिरायला मी जाते, पण त्यावर दोन ओळींच्या पुढे काय लिहिणार?

मी नाशकात एका मिशनच्या दवाखान्यात बाळंतपणाच्या विभागाची सिस्टर होते. आमच्या कामात घड्याळ म्हणजे तिसरा डोळा. कळ किती वेळ टिकते, दोन कळांमध्ये किती वेळ जातो, बाळाचे ठोके मिनिटाला किती, सगळं मोजायचं आणि कागदावर चढवायचं. कुणाच्या कळा मंदावल्या तर सलाईनच्या बाटलीत कळांचं औषध घालून ते थेंबाथेंबाने सोडायचं. मिनिटाला आठ-दहा थेंबांपासून सुरुवात, मग अर्ध्या-अर्ध्या तासाने दोन-चार वाढवायचे. नळीवर एक छोटी चाकी असते. ती वर ढकलली की थेंब वाढतात, खाली ओढली की कमी होतात. औषध जास्त गेलं तर गर्भाशय एकदा आवळतं ते सैल पडतच नाही, आणि आवळलेल्या पोटात बाळाला श्वास पुरत नाही. म्हणून ते सलाईन चालू असताना सिस्टरने तिथून हलायचं नाही, आणि आयाने चाकीला हात लावायचा नाही. हे दोन्ही नियम मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर मीच लावले होते.

लोकांच्या घड्याळाला मात्र मी हसायचे. सटाण्याकडचा एक कांद्याचा व्यापारी ज्योतिषाकडून वेळ काढून आला होता. त्या वेळेला मूल झालं तर राजयोग. लेबर रूमच्या दाराशी तो मनगट डोळ्यांसमोर धरून उभा, आणि दर पाच मिनिटांनी विचारी, सिस्टर, थोडं थांबवता येईल का? मूल त्याच्या मुहूर्ताआधी वीस मिनिटं आलं आणि त्याच्याच अंगावर मुतलं. आम्ही आठवडाभर हसलो. त्याचं एक घड्याळ होतं, माझ्याकडे तर अख्खी वही होती, हे कुणी माझ्या लक्षात आणून दिलं नाही.

त्या वहीत मी दिवसाचे पाव-पाव तासाचे रकाने पाडले होते. आपल्याला मिळालेल्या प्रत्येक घटकेचा जाब द्यावा लागणार, हे मी संडे स्कूलपासून ऐकलेलं. मी त्याचा अर्थ असा लावला की रकाना रिकामा दिसला तर देव रागावणार. बसमध्ये विणकाम, भाजी निवडताना पाठांतर. जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी मात्र मला सलत होती. अर्धा तास नुसतं चावायचं?

त्याच वेळी दर बुधवारी बाह्यरुग्ण विभागात बाकांवर बसलेल्या बायकांना मी भाषण द्यायचे. बायांनो, शरीर हे देवाचं मंदिर आहे, वेळेवर जेवा, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाऊ नका. बायका माना डोलवायच्या. त्यातल्या एकीने जरी विचारलं असतं, सिस्टर, तुम्ही आज काय खाल्लं, तरी पुढचं टळलं असतं. पण इस्त्रीच्या बाईला कोण विचारतं.

नव्वदीच्या सुरुवातीला एक वर्ष असं आलं की आमचा लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, आणि रमजान जवळजवळ बरोबरच सुरू झाले. आमच्या लेबर रूमची आया होती रशीदा. नाशकातल्याच द्वारका चौकाच्या बाजूला राहायची. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, आणि तोंडाने माझ्यापेक्षा चाळीस. ती रोजे ठेवायची, पाण्याचा थेंब न घेता, आणि वर दिवसभर फरशा पुसायची, बादल्या उचलायची. दरवर्षी मी ते पाहून मनात म्हणायचे, बघा, हिची श्रद्धा. त्या वर्षी मात्र माझ्या मनाने वेगळंच म्हटलं: आपण काय कमी आहोत का?

आमच्यात लेंटचा उपास म्हणजे कुणी मटण सोडतं, कुणी चहा. मी जाहीर केलं की चाळीस दिवस सूर्यास्तापर्यंत काही खाणार नाही, आणि जेवणाची सुट्टी वॉर्डातल्या बायकांबरोबर प्रार्थनेत घालवणार. एका दगडात उपासही आणि रकानाही. महिला मंडळात टाळ्या पडल्या. रशीदा तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "सिस्टर, तुम्हाला शुगर आहे. आमच्यात बीमार माणसाला रोजा माफ असतो. तुमच्यात नसतो का?" मी तिला सांगितलं की आमच्यात सगळं प्रेमाने असतं, सक्तीने नाही. इतकं गोड बोलले की माझं मलाच कौतुक वाटलं.

पहिला आठवडा डोकेदुखीत गेला. दुसऱ्या आठवड्यात दुपारी प्रार्थना करताना हात थरथरायला लागले, कपाळावर घाम, छातीत धडधड, डोळ्यांपुढे पांढरा उजेड. साखर उतरल्याची ही लक्षणं मी फळ्यावर खडूने लिहून शिकवलेली. आणि मला काय वाटलं, सांगू? मला वाटलं, पवित्र आत्मा उतरला. मी डोळे मिटून आणखी मोठ्याने प्रार्थना करायला लागले. समोरच्या खाटेवरची बाळंतीण घाबरून उठून बसली. आज नातवंडांना हे सांगते तेव्हा ती लोळून हसतात. मीही हसते. पुढचं मात्र मी त्यांना सांगत नाही, इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

तिसऱ्या आठवड्यात हौसा आली. पेठच्या पुढच्या एका पाड्यावरची, विशीची, पहिलटकरीण. दिंडोरीकडे द्राक्षं तोडायला सगळं कुटुंब आलेलं, आणि बागेतच कळा सुरू झाल्या. नवऱ्याने टेम्पोतून आणलं. सकाळपर्यंत कळा चांगल्या होत्या, मग मंदावल्या. डॉक्टरबाईंनी सलाईन लावायला सांगितलं आणि त्या वरच्या मजल्यावर सिझेरियनला गेल्या. लेबर रूममध्ये हौसा, मी आणि रशीदा. नवरा बाहेरच्या ओट्यावर.

दोन वाजून वीस मिनिटांची माझी नोंद कागदावर आहे: थेंब बारा, ठोके एकशे चाळीस, कळा तीन मिनिटांनी. अक्षर जरा तिरपं आहे. त्याच्या पुढची नोंद डॉक्टरबाईंच्या हातची, दोन बत्तीसची. मधली बारा मिनिटं माझ्याकडे नाहीत. पाव-पाव तास देवाच्या हिशेबात धरणाऱ्या बाईच्या आयुष्यातून बारा मिनिटं कापून काढल्यासारखी गेली, आणि ती कुणाच्या जिवावर गेली हे मला नंतर दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागलं.

मला आठवतं ते एवढंच. घड्याळाचा काटा फिरत होता आणि मी मोजत होते, पण काय मोजते आहे ते आठवेना. थेंब की ठोके की कळा. मग मला वाटलं थेंब जास्त पडताहेत, कमी करायला हवेत, म्हणून मी चाकीला बोट लावलं. ती वर ढकलली.

बाकीचं रशीदाने सांगितलेलं. मी स्टुलावर बसून गाणं पुटपुटत होते. पाठ घामाने भिजून ब्लाउज अंगाला चिकटलेला. हौसा मला हाक मारत होती, "सिस्टर, सोडत नाय ओ. कळ सोडतच नाय." तीनदा म्हणाली. आणि तिन्ही वेळा मी गोड आवाजात उत्तर दिलं, "धीर धर, सगळं वेळेवर होईल." हे वाक्य मी खरंच बोलले असणार, कारण ते माझंच आहे. हजार जणींना सांगितलेलं. तोंड त्याचं ते बोललं, मी तिथे नव्हतेच.

रशीदा बादली घेऊन आत आली, तिने हौसाचा चेहरा पाहिला, माझा पाहिला, आणि नळीकडे पाहिलं. थेंब नव्हते, धार होती. भिंतीवरचा नियम तिच्या डोक्यावरच लावलेला होता, आणि मागच्याच वर्षी चाकीला नुसता फडका लागला म्हणून मी तिला सगळ्यांसमोर झापलं होतं. तिने चाकी खाली ओढून बंद केली, हौसाला डाव्या कुशीवर वळवलं, जिन्यात जाऊन अशी ओरडली की सिझेरियनच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं. मग परत येऊन पदराची गाठ सोडली. संध्याकाळी रोजा सोडायला बांधून आणलेले तीन खजूर होते. ते तिने माझ्या तोंडात कोंबले. मला तिथून आठवतं. तिची बोटं माझ्या दातांमध्ये आणि तिचा आवाज, "चावा. चावा म्हणते ना, सिस्टर."

माझ्या डोक्यावर टांगलेल्या त्या सलाईनच्या बाटलीत ग्लुकोज होतं. साखरेचं पाणी. मी त्याच्याखाली बसून साखरेवाचून चालले होते.

मी भानावर आले तेव्हा डॉक्टरबाई हातमोजे घालत होत्या. बाळाचे ठोके ऐशींवर आले होते. त्यांनी व्हॅक्यूम लावून बाळ ओढून काढलं. मुलगी. निळी-जांभळी, ओल्या फडक्यासारखी लोंबती. रडली नाही. डॉक्टरबाई तिच्या नाकातोंडातला चिकट द्रव ओढत होत्या, फुग्याने श्वास देत होत्या, आणि मी भिंतीला धरून उभी. आयुष्यात शेकडो बाळं रडताना ऐकली असतील. शांतता किती मोठी असते ते त्या दिवशी कळलं. हौसा विचारत होती, काय झालं, पोरगा का पोरगी, रडंना का. चार मिनिटांनी मुलीने मांजराच्या पिलासारखा एक आवाज काढला.

मग डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. त्यांनी मला आधी खुर्चीवर बसवलं आणि रशीदाला माझ्यासाठी दूध-बिस्किटं आणायला पाठवलं. मी म्हटलं, माझं राहू द्या. त्या थकल्या आवाजात म्हणाल्या, "सिस्टर, प्रभू येशूने मेलेली मुलगी उठवली, त्यानंतर पहिलं काय सांगितलं? हिला काहीतरी खायला द्या म्हणाला. तुम्ही दर रविवारी शिकवता ना हे?" नंतर त्यांनी विचारलं, सलाईन किती होतं?

रशीदा दूध घेऊन दारात उभी होती.

मी म्हटलं, "बारा."

रशीदाने कप माझ्या हातात दिला आणि बादली उचलून निघून गेली. दवाखान्याच्या कागदावर तेच चढलं: थेंब बारा, बाळ गुदमरलं, कारण अज्ञात. माझ्या अक्षरात.

पुढचे तीन दिवस बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. अशा बाळांना झटके येतात, आणि झटके आले तर मेंदूला इजा झाल्याची शंका असते. मी ड्युटी संपली तरी पेटीपाशी उभी राहायचे. बाळाने झोपेत ओठ हलवले तरी मी वाकून बघायचे. दुसऱ्या दिवशी एक झटका आला, अगदी लहानसा, डाव्या हाताचा. औषध दिल्यावर थांबला. आठव्या दिवशी हौसा तिला छातीशी धरून घरी गेली. जाताना ती माझ्या पाया पडायला वाकली, आणि मी पडू दिलं. आजवर केलेल्या सगळ्या मूर्खपणात मला ते सगळ्यात जास्त बोचतं.

मी साखर नियमित तपासायला लागले, वेळेवर जेवायला लागले, वही फाडून टाकली. हे काही मोठं शहाणपण नव्हे, भीती होती. देवाशी बोलायला बसले की मी दुसऱ्या विषयांवर बोलायचे. नाशिकच्या पाण्याबद्दल, चर्चच्या पाळकसाहेबांच्या गुडघ्याबद्दल. त्यालाही कळत असणार.

मग मी हौसाकडे जायला लागले. दवाखान्याने बाळांच्या तपासणीची नवी योजना काढली आहे, असं तिला सांगितलं. योजना कसली, माझी साप्ताहिक सुट्टी आणि माझ्या पर्समधली मोजपट्टी. दीड महिन्याची झाली तेव्हा दिंडोरीला द्राक्षबागेतल्या झोपडीत गेले. पावसाळ्यात ते कुटुंब भाताच्या लावणीला गावी गेलं, तेव्हा पेठची एसटी पकडून, पुढे चिखलातून तासभर चालत पाड्यावर. डोक्याचा घेर मोजायचा, वजन करायचं, हातपाय हलवून बघायचे. मुलीचं नाव त्यांनी सुमन ठेवलं होतं.

बाळाची मान ही घाई करून धरता येणारी गोष्ट नाही, हे मी हजार बाळंतिणींना सांगितलं होतं. ते ऐकणं किती अवघड असतं ते तेव्हा कळलं. तीन महिन्यांना मान लटकत होती. चार महिन्यांना थोडी धरली. एसटीत बसले की मला वाटायचं आज काहीतरी वाईट दिसणार, आणि परत येताना वाटायचं आज दिसलं नाही, म्हणजे पुढच्या वेळी दिसणार. पाचव्या महिन्यात सुमनने मान ताठ धरून माझ्या टोपीकडे पाहिलं आणि हसली. हौसा काही बोलायची नाही. चूल पेटवून चहा करायची, आणि मी मोजपट्टी गुंडाळेपर्यंत माझ्या तोंडाकडे पाहत राहायची. मला वाटायचं, किती शांत पोरगी आहे.

आठव्या महिन्यात गेले तेव्हा हौसाच्या सासूने कौतुकाने दाखवलं, बघा सिस्टर, आमची सुमी आतापासून उजव्या हाताची, खुळखुळा दुसऱ्या हातात धरतच नाही. मी खुळखुळा डावीकडे नेला. सुमनने उजवा हात छातीवरून ओलांडून तो घेतला. पुन्हा नेला. पुन्हा तसंच. डाव्या हाताची मूठ मिटलेली, अंगठा आत.

बायांनो, वर्षाच्या आतलं बाळ एकच हात वापरत असेल तर कौतुक करू नका, डॉक्टरकडे न्या. बाळ हात निवडत नसतं, एका हाताने त्याला सोडलेलं असतं. आणि असं असलं तर उपाय व्यायामाचा, जितका लवकर तितका चांगला. आठव्या महिन्यात सुरू करणं आणि दीड वर्षाला सुरू करणं यात फार फरक पडतो. हे सगळं मला तिथल्या तिथे माहीत होतं. मी सासूला म्हटलं, हो, हुशार आहे. आणि निघाले.

कारण हातासाठी मुलीला दवाखान्यात न्यायचं म्हणजे कागद निघणार, डॉक्टरबाई विचारणार, हौसा विचारणार. मी स्वतःला सांगितलं, अजून एक महिना बघू. मग डिसेंबर आला. नाताळची गाणी बसवायची होती, महिला मंडळाचा फराळ, वॉर्डात सजावट. मी कामात बुडाले. वेळ मुळीच वाया घालवला नाही. दोन महिने गेले, आणि ते दोन महिने माझे नव्हते, सुमनच्या डाव्या हाताचे होते.

शेवटी रशीदाने तोंड उघडलं. नाताळनंतर एका दुपारी चहा पिताना मी तिला हाताचं सांगितलं, कारण दुसरं कुणी नव्हतं. तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "त्या दिवशी मी सांगितलं असतं डॉक्टरबाईंना. मी म्हटलं, सिस्टर देवाची माणूस आहे, उद्या सांगेल, परवा सांगेल. तुम्ही तर साल लावलं." असं म्हणून तिने माझ्या बशीतलं बिस्किट उचलून माझ्या हातात दिलं. खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही.

मी त्याच दिवशी डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी जुना कागद काढून माझ्यासमोर ठेवला आणि खरं काय ते खाली लिहायला लावलं, तारखेनिशी, सहीनिशी. लेबर रूममधून मला काढलं. निवृत्त होईपर्यंत मी बाह्यरुग्ण विभागात वजनं केली आणि बुधवारची भाषणं दिली. पुन्हा कधी बाळंतपण केलं नाही. ती शिक्षा योग्य होती आणि मला ती बाधली, दोन्ही खरं आहे. हाताच्या व्यायामासाठी डॉक्टरबाईंनी मला स्वतःला फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे चार दिवस शिकायला पाठवलं, कारण हौसाला बाग सोडून रोज नाशकात येणं शक्य नव्हतं.

सुमनचं काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही पुढचं वाचताना जीव मुठीत धरणार नाही. ती वीस महिन्यांची झाली तेव्हा चालली. डावा पाय किंचित ओढते. डाव्या हाताची पकड कमी आहे, पण स्वतःच्या दोन वेण्या स्वतः घालते आणि भाकरी थापते. दोन हजार सालानंतर पेठच्या शाळेत होती, दहावी झाली. दोन महिने आधी सुरुवात केली असती तर ती पकड किती असती, हे कुणी सांगू शकत नाही. मी तरी विचारायचं सोडलेलं नाही.

हौसाला सांगायला गेले तो जानेवारीचा दिवस. कुटुंब पुन्हा दिंडोरीच्या बागेत कामाला आलं होतं. मी पोचले तेव्हा दिवस कलायला लागला होता. झोपडीत दिवा नव्हता, म्हणून हौसा सुमनला मांडीवर घेऊन बाहेर दगडावर बसली होती. मी उभ्यानेच सुरुवात केली. उपासाचं सांगितलं, गोळीचं, चाकीचं, बारा मिनिटांचं. ती मला हाक मारत होती आणि मी गात होते, हेही. डॉक्टरबाईंना मी खोटं बोलले, आणि तपासणीची योजनाबिजना काही नव्हती, आणि सुमनच्या डाव्या हातातला दोष मी नोव्हेंबरातच ओळखला होता. त्याचे व्यायाम मी शिकून आले आहे, हेही सांगितलं. सांगता सांगता मला रडू फुटलं, आणि रडता रडता मी बोलून गेले की मी देवापुढे पुष्कळ पश्चात्ताप केला आहे, त्याने मला क्षमा केली असेल, आता तूही कर.

हौसाने सुमनची डावी मूठ हातात घेतली. एकेक बोट उघडून बघितलं. सोडल्यावर मूठ पुन्हा मिटली. दोनतीनदा तिने तसंच केलं. मग वर्षभरात पहिल्यांदा ती माझ्याशी चार वाक्यं सलग बोलली.

"दर बारीला तुम्ही हिचं डोकं मोजायच्या, आन मी तुमच्या तोंडाकडं बघून भ्यायची, का बाई काय तरी लपवतीया. रडायचं त्ये एसटीत बसून रडा, सिस्टर. माफ करायचं का नाय, त्ये मी आजून ठरवलं नाय. आधी हिचा हात कसा करायचा त्ये दाखवा, उजेड हाय तवर."